कढईंतला प्रधान

चीन देशांत सकाळची न्याहारी घराबाहेर विकत घेऊन खाण्याची चाल फार जुनी आहे. मंग युआनलाव नांवाच्या गृहस्थानें ११४७ च्या सुमारास, शत्रूच्या हातीं गेलेल्या कायफंग राजधानीच्या आठवणी लिहिल्या. पहाटे मठांतले सेवक लोखंडी पत्रे वाजवीत दारोदार फिरत, आणि दिव्यांच्या उजेडांत पेज, फराळाचे जिन्नस, फार काय, तोंड धुण्याचें पाणीहि विकावयास येई, असें तो सांगतो.

आजहि तेथील शहरांत तांदळाची पेज, सोयाबीनचें दूध आणि तळलेली मैद्याची लांब कांडी ही नित्याची न्याहारी आहे. या कांडीचाच इतिहास मोठा विलक्षण आहे. फुगविलेल्या कणकेच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून मध्यें काडीनें दाबतात, ताणतात आणि कढत तेलांत सोडतात. कांडी फुगते, पण जोड सुटत नाहीं. उत्तरेकडे हिला यौत्याव, म्हणजे तेलांतली पट्टी, म्हणतात. कँटनकडे मात्र 'तेलांत तळलेलें भूत' म्हणतात.

हें भूत छिन् ह्वै नामक प्रधानाचें, असें लोक सांगतात. ११२७ सालीं जुर्चेन लोकांनीं कायफंग घेऊन सम्राटास व त्याच्या पित्यास कैद करून नेलें. कैद्याचा धाकटा भाऊ गाओत्सुंग गादीवर बसला. हांगचौ ही त्याची राजधानी झाली. सेनापति युए फेइ गेलेला मुलूख परत घेण्यासाठीं झुंजत होता, तर प्रधानास तह हवा होता. ११४१ सालीं तह ठरला. ११४२ च्या आरंभीं सेनापतीस तुरुंगांत ठार करण्यांत आलें. पुरावा काय, असें दुसऱ्या एका सेनापतीनें विचारतां, 'कदाचित् असेल' अशा अर्थाचें उत्तर प्रधानानें दिलें. कुभांडाला चिनी भाषेंत आजहि तेच शब्द लावतात. प्रधान ११५५ सालीं स्वतःच्या अंथरुणावर मेला. तेव्हां हांगचौच्या एका तळणाऱ्यानें प्रधान व त्याची बायको कणकेचीं करून, पाठीला पाठ चिकटवून, कढईंत सोडलीं, अशी ही कथा आहे.

कथा गोड आहे, पण इतिहासाच्या शिक्षकास तिच्यावर थांबतां येत नाहीं. तळलेल्या कणकेचे पदार्थ सहाव्या शतकांतील ज्या स्श्ये याच्या कृषिग्रंथांतच आढळतात. शिवाय, सम्राटाच्या संमतीवांचून एवढा सेनापति मरेल कसा? वडील भाऊ सुटून आला असता तर गाओत्सुंगाची गादी डळमळली असती. मला वाटतें, लोकांनीं प्रधान तळला, कारण सम्राट तळण्याची सोय नव्हती.

११६२ सालीं नव्या सम्राटानें युए फेइचा मान परत दिला. हांगचौच्या सरोवराकांठीं त्याच्या समाधीपुढें चार लोखंडी पुतळे गुडघे टेकून आहेत: प्रधान, त्याची बायको आणि दोघे साथीदार. येणारेजाणारे त्यांच्यावर थुंकत. गाओत्सुंगाचा पुतळा तेथें नाहीं. गादी सोडल्यावर तो त्याच शहरांत आणखी पंचवीस वर्षें सुखानें जगला.