ई-पुस्तके, वाङ्मयप्रकार आणि नोंदीचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील मराठी वाङ्मयप्रकारांविषयी आपण जे ठामपणे बोलतो, त्यातील बराच भाग संहितांच्या वाचनातून नव्हे तर सूचींतून आलेला आहे, ही गोष्ट आपली समीक्षा क्वचितच मान्य करते. अलेक्झांडर ग्रँट यांनी १८६४ अखेरपर्यंतच्या मुंबई इलाख्यातील देशी प्रकाशनांची यादी सिद्ध केली. पुढे १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने छापील पुस्तकांच्या प्रती सरकारात दाखल करणे बंधनकारक झाले व त्यांवरून त्रैमासिक याद्या निघू लागल्या. पुस्तकाचे नाव, भाषा, कर्ता, विषय, मुद्रणस्थळ, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, मुद्रित की शिळाछाप, किंमत असे तिचे रकाने होते. कायद्याच्या उद्देशिकेत पुस्तकांच्या जतनाचा उल्लेख असला, तरी १८५७ नंतरच्या राज्यकर्त्यांची नजर त्यामागे होती हे उघड आहे. पण पाळतीसाठी ठेवलेली ही वही वाङ्मयेतिहासाला वरदान ठरली. शंकर गणेश दाते यांच्या १८०० ते १९३७ या कालखंडाच्या ग्रंथसूचीशेजारी या याद्या ठेवल्या म्हणजे ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) यांच्या भोवती पंचांगे, व्रतकथा, लावण्यांच्या चोपड्या आणि शालेय पुस्तके यांची किती दाट वस्ती होती, हे ध्यानात येते. ही वस्ती वगळून कादंबरीच्या प्रवृत्ती सांगता येतात, सांगितल्याही गेल्या आहेत. परंतु वाचकाचा इतिहास त्यामुळे मुका राहतो.

हे आज आठवण्याचे कारण ई-पुस्तक. या नव्या माध्यमातील वाङ्मयप्रकारांची वही कोण ठेवीत आहे?

ई-पुस्तकाचा आरंभ इलिनॉय विद्यापीठातील संगणकावर मायकेल हार्ट यांनी ४ जुलै १९७१ रोजी टंकित केलेल्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून सांगण्याची प्रथा आहे. मागोमाग हक्कांची सनद आणि राज्यघटना आली, १९८९ मध्ये बायबल, आणि १९९१ च्या जानेवारीत ‘अॅलिस इन वंडरलँड’. या क्रमात वाङ्मयप्रकाराचा विचार नाही, प्रतिष्ठेचा आहे. आधी राष्ट्र, मग धर्म, मग बालवाङ्मय. आपल्याकडे मुद्रणाच्या पहिल्या पर्वात व्याकरण, धर्म आणि शालोपयोगी पुस्तके जशी पुढे झाली, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

१९९० च्या दशकात समीक्षेचे लक्ष मात्र दुसरीकडे होते. मायकेल जॉइस यांची ‘आफ्टरनून, अ स्टोरी’ ही कथा वाचकाच्या निवडीनुसार वाट बदलते. १९९० मध्ये ती प्रकाशित झाली, आणि १९९२ मध्ये रॉबर्ट कूव्हर यांनी पुस्तकाच्या अंताची चर्चा आरंभिली. संहिता विकेंद्रित होणार, लेखकाचे अधिपत्य संपणार, अशी भाकिते झाली. ती तात्त्विकदृष्ट्या आकर्षक होती, पण वाचक त्या वाटेने गेला नाही. मार्च २००० मध्ये स्टीफन किंग यांची ‘रायडिंग द बुलेट’ ही भयकथिका केवळ ई-पुस्तक म्हणून निघाली आणि पहिल्या चोवीस तासांत तिच्या चार लाखांवर प्रती गेल्या. तिची रचना अगदी सरळ, आदि-मध्य-अंत असलेली. त्याच वर्षी त्यांनी ‘द प्लँट’ क्रमशः देऊ केली. वाचकाने स्वेच्छेने पैसे द्यावेत अशी अट होती. सहाव्या हप्त्यानंतर ती थांबली, ती आजतागायत अपुरी आहे. जपानमध्ये तर भ्रमणध्वनीवर लिहिल्या व वाचल्या जाणाऱ्या प्रेमकथांनी छापील बाजारही जिंकला. आखूड वाक्ये, भरपूर मोकळी जागा, संवादांवर भर हे त्यांचे गुण लहानशा पडद्याने घडवले होते, कोणत्याही साहित्यिक जाहीरनाम्याने नव्हे.

माध्यमाहूनही अधिक निर्णायक ठरते ती मोबदल्याची रीत. किंडल हे वाचनयंत्र नोव्हेंबर २००७ मध्ये आले, आणि जुलै २०१४ मध्ये ॲमेझॉनने ठराविक मासिक वर्गणीत हवी तेवढी पुस्तके वाचण्याची योजना काढली. आरंभी वाचकाने पुस्तकाचा दहा टक्के भाग ओलांडला की लेखकास ठोक रक्कम मिळे. साहजिकच छोट्या पुस्तिकांचे आणि तुकड्यातुकड्यांनी दिलेल्या मालिकांचे पीक आले. जुलै २०१५ पासून वाचलेल्या पानांवर पैसे मिळू लागले आणि लांबी पुन्हा फायद्याची झाली. एका वर्षात हिशेबाचे कोष्टक बदलले आणि त्याबरोबर रूपबंधही हलला. हे ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी व्हिक्टोरियन काळातील तीन खंडी कादंबरी आठवावी. फिरत्या ग्रंथालयांच्या सोयीवर ती जगली आणि त्यांनीच पाठ फिरवल्यावर १८९४ नंतर झपाट्याने अस्तंगत झाली. ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून हप्त्याहप्त्याने येणाऱ्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’चे शिल्प आठवडी अंकाच्या शिस्तीशी निगडित आहे, हे तर आपणच वर्गात शिकवतो.

मराठीत ही वाट उशिरा मोकळी झाली, आणि विलंबाचे एक कारण लिपीत होते. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. तरीही मराठी मुद्रणालये पुढे कित्येक वर्षे परस्परांशी न जुळणाऱ्या टंकांत अक्षरजुळणी करीत राहिली, आणि ती संहिता दुसऱ्या संगणकावर गेली की केवळ चिन्हांचा गोंधळ उरे. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळण्यास २००८ उजाडावे लागले. किंडलवर मराठीची अधिकृत सोय डिसेंबर २०१६ मध्ये झाली. आज मराठी ई-पुस्तकांच्या दालनात भयकथा, रहस्यमालिका, ऐतिहासिक कादंबऱ्या, कवितासंग्रह, पाककृती, गुंतवणुकीचे मार्गदर्शन, स्तोत्रे हे सारे एका रांगेत उभे असते. शेजारी असतात स्वामित्वहक्क संपलेल्या ग्रंथांची पुनर्मुद्रणे. साने गुरुजींचे निधन १९५० चे; त्यामुळे ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांची झाली आणि तिच्या अनेक ई-आवृत्त्या निघाल्या. त्या कोणत्या छापील आवृत्तीवरून उतरवल्या, जुने अनुस्वार कोणी काढले, याचा उल्लेख शोधूनही सहसा सापडत नाही. पाठचिकित्सेचा आपला अभिमान ज्ञानेश्वरीपाशी सुरू होऊन तेथेच थांबतो की काय, असे वाटू लागते.

संहितेची अस्थिरता ही निव्वळ सैद्धान्तिक कल्पना राहिलेली नाही. जुलै २००९ मध्ये हक्कांच्या वादावरून ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि ‘ॲनिमल फार्म’च्या विकत घेतलेल्या प्रती वाचकांच्या यंत्रांतून परस्पर पुसल्या गेल्या. कंपनीने नंतर क्षमा मागितली. विक्रेत्याला हे शक्य आहे, एवढे मात्र त्या दिवशी सिद्ध झाले. पुसण्याइतकेच मूक बदलणेही सोपे आहे: लेखक शेवट बदलून नवी प्रत चढवतो, आणि पहिला शेवट कोणी वाचला होता याला पुरावा राहत नाही.

अशा वेळी नोंद अधिक काटेकोर हवी होती. घडले ते उलट. ग्रंथालयांना प्रती देण्याविषयीचा १९५४ चा कायदा मुद्रित वा शिळाछाप पुस्तकांपुरता आहे. केवळ पडद्यावर प्रकटलेली कादंबरी त्याच्या व्याख्येत बसत नाही. १८६७ चा कायदा रद्द होऊन २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून अमलात आला, तो नियतकालिकांपुरताच आहे. पुस्तके त्यातून वगळली गेली. वसाहतकालीन पाळत गेली याचा विषाद कोणी मानू नये. पण तिच्यासोबत रकानेही गेले.

त्या जुन्या रकान्यांत एखादी आजची मराठी ई-भयकथा भरून पाहण्याचा मी प्रयत्न केला. नाव, भाषा, किंमत भरता आली, तीही त्या दिवसापुरती. कर्त्याच्या जागी टोपणनाव होते. मुद्रणस्थळ रिकामे. पृष्ठसंख्या अक्षर मोठे केले की वाढत होती. आवृत्ती कोणती हे नमूद नव्हते, आणि प्रतींची संख्या फक्त विक्रेत्याला ठाऊक होती.