फाईल सर्व्हरची नाडी : ‘रिमोट प्रोसिजर कॉल’वर देखरेख कशी ठेवतात?

स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर साताऱ्याला किंवा सांगलीला निघालेला नवखा प्रवासी प्रथम चौकशीच्या खिडकीकडे वळतो. गाडी कोणत्या फलाटावर लागते, एवढेच त्याला तेथे कळते. खिडकीतून उत्तर मिळाले म्हणजे गाडी फलाटावर आलीच, असे मात्र नव्हे. अनेक संगणकांना एकाच ठिकाणाहून फाईली पुरविणाऱ्या ‘नेटवर्क फाईल सर्व्हर’ची प्रकृती तपासताना हाच भेद ध्यानात ठेवावा लागतो.

एका संगणकावरील प्रोग्रॅमने दुसऱ्या संगणकाकडून एखादे काम, ते जणू आपल्याच संगणकावर चालले आहे अशा रीतीने करवून घेणे, यास ‘रिमोट प्रोसिजर कॉल’ अर्थात ‘आरपीसी’ म्हणतात. ही कल्पना प्रत्यक्षात कशी उतरवावी, याविषयीचा अँड्र्यू बिरेल व ब्रूस नेल्सन यांचा निबंध १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने याच तत्त्वावर ‘नेटवर्क फाईल सिस्टिम’ म्हणजेच ‘एनएफएस’ विकसित केली. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. २०१० मध्ये ओरॅकलने ही कंपनी विकत घेतली. एनएफएस मात्र युनिक्स व लिनक्सच्या जगात आजही वापरात आहे.

या व्यवस्थेत चौकशीच्या खिडकीचे काम ‘पोर्टमॅपर’ किंवा ‘आरपीसीबाइंड’ हा प्रोग्रॅम करतो. तो १११ क्रमांकाच्या पोर्टवर बसलेला असतो. प्रत्येक सेवेला ठराविक क्रमांक असतो : एनएफएसला १००००३, फाईलसाठा जोडून देणाऱ्या ‘माउंट’ सेवेला १००००५, तर फाईलींना कुलूप लावणाऱ्या सेवेला १०००२१. अमुक क्रमांकाची सेवा कोणत्या पोर्टवर आहे, हे पोर्टमॅपर सांगतो. एनएफएस बहुधा २०४९ या पोर्टवर असते. ‘आरपीसीइन्फो’ या आज्ञेने ही सारी यादी पाहता येते.

देखरेखीतील नेहमीची चूक येथेच होते. यादीत सेवेचे नाव दिसले की सर्व्हर ठणठणीत आहे, असे मानले जाते. प्रत्यक्षात सेवा गोठली तरी तिची नोंद तशीच राहू शकते. म्हणून दुसरी पायरी अशी, की खुद्द सेवेलाच हाक मारावी. प्रत्येक आरपीसी सेवेत शून्य क्रमांकाची एक रिकामी कृती ठेवण्याचा प्रघात आहे. ती काहीही न करता केवळ ‘ओ’ देते. ‘आरपीसीइन्फो’ ही हाकही मारू शकते. उत्तर आले की नाही, याबरोबरच ते किती वेळात आले, हेही नोंदवावे.

तथापि या कृतीचा डिस्कशी संबंध येत नाही. डिस्क अडकलेली असतानाही ‘ओ’ येऊ शकते. त्यामुळे तिसरी पायरी म्हणजे प्रत्यक्ष एक छोटी फाईल लिहून पाहणे. केवळ जुनी फाईल वाचून भागत नाही. ती संगणकाने स्वतःच्याच स्मृतीतून काढून दिलेली असू शकते. या चाचणीला वेळेची मर्यादा हवी, आणि ती देखरेखीच्या मुख्य प्रोग्रॅमपासून वेगळी चालवावी. अन्यथा सर्व्हर थांबला की पहारेकरीही त्याच्याबरोबर अडकून पडतो.

आजाराची चाहूल मात्र आकड्यांतून आधीच लागते. ‘एनएफएसस्टॅट’ ही आज्ञा एकूण विनंत्या आणि उत्तराअभावी पुन्हा पाठवाव्या लागलेल्या विनंत्या दाखवते. हे आकडे साचत जाणारे असल्याने दोन वेळच्या नोंदींतील फरक पाहावा. लिनक्सवर टीसीपी जोडणी असल्यास विनंती पुन्हा पाठविण्यापूर्वी सामान्यतः ६० सेकंद वाट पाहिली जाते. त्यामुळे तेथे थोड्याशा पुनरावृत्तीही गंभीर मानाव्यात. सर्व्हरवर विनंत्या हाताळणाऱ्या ‘थ्रेड’ची संख्या लिनक्समध्ये अनेक वर्षे मुळात ८ असे. ते सारे डिस्कची वाट पाहत बसले की नव्या विनंत्या रांगेत तिष्ठतात. थ्रेड वाढविता येतात, परंतु मूळ दोष संथ डिस्कचा असेल तर रांग हटत नाही.

२००० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने माउंट व कुलुपाची कामे एकाच २०४९ पोर्टवर आणली. केवळ ही आवृत्ती चालविणाऱ्या सर्व्हरला पोर्टमॅपरची गरज नसते. तेथे १११ वरील शांतता हा बिघाड समजल्यास विनाकारण धावपळ होते.

निदान चुकल्यास नुकसान मोठे असते. ‘हार्ड’ पद्धतीने जोडलेला संगणक सर्व्हर परत येईपर्यंत थांबून राहतो. काम खोळंबते, पण सर्व्हर परतल्यावर पुढे सुरू होते. ‘सॉफ्ट’ जोडणी ठराविक प्रयत्नांनंतर चूक कळवून मोकळी होते. प्रोग्रॅमने त्या चुकीकडे दुर्लक्ष केले, तर फाईल अर्धवट राहते आणि ते कित्येक दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून खोळंबा दिसताच अडकलेले प्रोग्रॅम बंद करण्याची घाई करू नये. खिडकी, सेवा आणि डिस्क यांपैकी कोण गप्प आहे, हे आधी ठरवावे, उपाय त्यानंतर.