काजळीचे मोजमाप

मराठीच्या अध्यापकाने धुराविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु ज्यांचे बालपण वडोद्यातील जुन्या वाड्यांत गेले, त्यांना ओले सरपण, फुंकणी आणि डोळ्यांना पदर लावणारी आई यांची आठवण करून द्यावी लागणार नाही. वर्गात शिकवताना तो धूर मी मातेच्या कष्टांचे प्रतीक म्हणून समजावून देत असे. तो रोगाचे कारणही असेल, हे मला कधी सुचले नाही.

ज्यांना सुचले, त्यांनी ते आपल्या गुजरातेतच मोजून पाहिले. किर्क स्मिथ, ए. एल. अग्रवाल आणि आर. एम. दवे यांचा चार खेड्यांचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. हवेचे नमुने घेणारी लहान यंत्रे त्यांनी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच बांधली. चूल पेटलेली असताना त्यांच्या श्वासातील हवेत दर घनमीटरला सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम कण आढळले. १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी भारताने २००९ मध्ये ठरविलेली चोवीस तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे. ही दोन मोजमापे एका जातीची नव्हेत, हे मान्य. तरीही अंतर सत्तरपटींचे आहे!

या प्रयोगाचे मोठेपण मला यंत्रात दिसत नाही, ते कोठे बांधले यात दिसते. कारखान्याचे धुराडे कितीतरी अधिक धूर ओकते, पण त्यातला फार थोडा कोणाच्या छातीत शिरतो. चुलीचा धूर थोडा, मात्र नाकापासून हातभर अंतरावरचा. २०२० मध्ये निधन होईपर्यंत स्मिथ हेच सांगत राहिले.

हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी १९५३ मध्येच धुराड्याच्या चुलीचा पुरस्कार केला होता. पण धुराड्याने धूर घराबाहेर गेला, नाहीसा झाला नाही. तो पुढे काय करतो, याचा शोध मुंबईच्या आयआयटीतील चंद्रा वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. लाकूड, शेणी, पिकांचे अवशेष जाळून त्यांनी काजळी मोजली आणि भारतातील काजळीचा सर्वांत मोठा उगम घरगुती चूल आहे, असा निष्कर्ष २००५ मध्ये मांडला. काळा कण ऊन शोषून हवा तापवितो. गंधकाचे कण उलट ऊन परतवितात. कर्बवायू शतकानुशतके टिकतो, काजळी मात्र काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत खाली येते. म्हणजे चूल सुधारली, तर स्वयंपाकघराबरोबर आकाशही लवकर निवळेल.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेने सिलिंडर खेडोपाडी पोचविले. तरी दुसरे सिलिंडर परवडत नाही म्हणून अनेक घरांत शेगडीशेजारी चूल अजून पेटते, आणि तिच्यापुढे बसणारी बहुधा स्त्रीच असते.