रेडिएटरमागचा पंखा

मोटारीच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनापैकी ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. जवळजवळ तेवढीच उष्णता धुराबरोबर सायलेन्सरवाटे निघून जाते आणि उरलेली इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरते. हे पाणी निववायचे कसे, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकीत पाणी नुसतेच उकळे, वाफ होऊन जाई आणि चालक नवे पाणी ओती. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेल्या, तेव्हा सुमारे १०० किलोमीटरच्या त्या वाटेवर त्यांना पुन्हापुन्हा पाण्यासाठी थांबावे लागले.

खरा तोडगा निघाला तो विल्हेल्म मायबाख यांच्या हातून. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ‘मर्सिडीज ३५ पीएस’ या गाडीसाठी त्यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींना खेटून बसवल्या होत्या. नळ्यांच्या आतून वारा जाई आणि त्यांच्यामधल्या अरुंद फटींतून पाणी. गाडी वेगात असताना वारा आपसूक मिळतो, संथ चालताना मात्र मिळत नाही. म्हणून मायबाख यांनी रेडिएटरच्या मागे पंखाही दिला.

पुढची साठेक वर्षे हा पंखा इंजिनालाच जुंपलेला राहिला. पट्टा इंजिनावर, पंखा पट्ट्यावर. मांडणी सोपी, पण उफराटी. इंजिन जोरात फिरते तेव्हा गाडी सहसा पळत असते आणि समोरून हवा भरपूर येत असते. पंख्याची गरज नसते, तरी तो इंजिनाची ताकद खात गरगरत राहतो. उलट गाडी गर्दीत खोळंबली की वारा बंद होतो आणि इंजिन मंदावल्यामुळे पंखाही मंदावतो. नेमक्या निकडीच्या वेळी हात आखडणारा हा नोकर इतकी वर्षे टिकला, तो केवळ साधेपणाच्या जोरावर.

उत्तरपाड्याची अँबेसेडर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, या दोन्ही गाड्यांचा पंखा असाच पट्ट्यावरचा. एप्रिल-मे महिन्यांत भरल्या गाडीने बोरघाट चढायचा म्हणजे परीक्षा असे. खोपोली मागे पडून चढ लागला की गियर खाली उतरे, वेग मंदावे आणि उष्णतेचा काटा वर सरके. वळणावर बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि डिकीत पाण्याचा डबा हे त्या रस्त्याचे नेहमीचे चित्र होते. उंचीचाही थोडा वाटा असे. महाबळेश्वरला, म्हणजे सुमारे १,३७० मीटरवर, उघड्या भांड्यातले पाणी ९५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे झाकण आतला दाब वाढवून हा उत्कलनबिंदू पुष्कळ वर नेते, पण झाकणाचे रबर कडक झाले की तो आधार जातो. दाबाखालचे ते झाकण तापल्या इंजिनावर उघडून हात-तोंड भाजून घेणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत.

पट्ट्याच्या पंख्याचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. तो बिघडला की लपून राहत नसे. अँबेसेडर किंवा फियाटमध्ये एकच पट्टा पंखा, वॉटर पंप आणि डायनॅमो फिरवी. तो सैल पडला की किंचाळे, तुटला की डायनॅमो थांबून समोरचा लाल दिवा पेटे. मेकॅनिकला पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला की निदान होई. शिकाऊ पोराला पहिल्या महिन्यात शिकवण्याची ही गोष्ट होती.

विजेचा पंखा आला तो पट्ट्याच्या पंख्याच्या दोषांवर उपाय म्हणून नव्हे, तर मुख्यतः जागेच्या अडचणीतून. १९५९ च्या मिनीमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले. इंजिनाचे तोंड बाजूला वळल्यामुळे पट्ट्याच्या पंख्यासाठी रेडिएटरही बाजूला, चाकाच्या कमानीलगत न्यावा लागला. आडवे इंजिन ठेवून रेडिएटर पुन्हा समोर आणायचा, तर पंखा इंजिनापासून सोडवून स्वतंत्र मोटरवर चालवणे भाग होते. दांते जाकोसा यांच्या १९६९ च्या फियाट १२८ ने ही रचना रूढ केली. पुढे जगभरातल्या लहान गाड्या याच वाटेने गेल्या. भारतात डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने हा पंखा मध्यमवर्गाच्या दारात आणून उभा केला.

तिथून गॅरेजमधले निदान बदलले. नव्या पंख्याला हुकूम लागतो. पाणी साधारण ९० ते ९५ अंशांच्या घरात पोचले की थर्मोस्विच आतून जुळतो, तो रिलेला चेतवतो, रिले बॅटरीचा जाड प्रवाह फ्यूजमधून मोटरला देतो आणि पंखा सुरू होतो. पाणी काही अंश निवले की थांबतो. या साखळीतली कोणतीही कडी मुकाट्याने निकामी होऊ शकते. पट्टा किंचाळत नाही, दिवा पेटत नाही, वॉटर पंपही चालूच असतो. महामार्गावर समोरून वारा येतो, त्यामुळे बंद पंख्याने शेकडो किलोमीटर सहज जातात. बिंग फुटते ते टोलनाक्याच्या रांगेत किंवा लांबलेल्या सिग्नलला. उभ्या गाडीत काटा चढतो आणि गाडी चालू लागली की उतरतो, हीच या बिघाडाची सर्वांत पक्की खूण. एसी असलेल्या गाडीत आणखी एक खूण मिळते: पळताना गारवा, थांबल्यावर कोमट हवा.

पंखा फिरत नाही म्हणून सरसकट मोटर बदलणे हा या धंद्यातला जुना आणि महागडा उतावळेपणा. जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन आधी थंड इंजिनावर पाण्याची पातळी पाहतो. कारण रेडिएटरमधला स्विच पाण्याऐवजी वाफेत लटकला, तर त्याला ताप नीट कळतच नाही आणि पाणी संपत आलेल्या गाडीचा पंखा गप्प राहतो. मग तो एसी लावतो. बहुतेक गाड्यांत एसी लागला की पंखा लागतोच. तो फिरला तर मोटर, फ्यूज आणि जाड वायर शाबूत आहेत आणि दोष पाण्याचा ताप ओळखणाऱ्या बाजूला आहे. जुन्या गाडीत थर्मोस्विचचे कप्लर उपटून त्यातल्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडतात. पंखा घरघरला की स्विच मेलेला. नाही घरघरला, तर फ्यूज, मग रिले, मग मोटरच्या तोंडाशी टेस्ट लॅम्प. तिथे दिवा लख्ख पेटतो आणि पंखा तरी हलत नाही, तर अर्थची वायर तपासायची. तीही ठीक असेल तरच मोटरला दोष द्यायचा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटरवर टकटक केल्यावर पंखा सुरू झाला, तर आतले कार्बन झिजलेले असतात. कप्लरचे प्लॅस्टिक पिवळे पडून वितळलेले दिसले, तर जोड सैल आहे हे विचारायचीही गरज नाही.

नवी मोटर बसवताना दोन वायरींची अदलाबदल झाली की पंखा उलटा फिरतो. दिसायला सगळे ठीक, गाडी मात्र तापतेच. बहुतेक गाड्यांत पंखा रेडिएटरच्या मागे असून हवा आत ओढतो. समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा तुकडा धरावा, तो चिकटला तर पंखा सुलटा. ही तपासणी करताना बोट दूरच ठेवलेले बरे, कारण अनेक गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो.

भारतीय गॅरेजांनी या साखळीला स्वतःचा एक उपाय जोडला: ‘फॅन डायरेक्ट करणे’. स्विच, रिले सगळे वगळून पंखा चावीच्या प्रवाहाला किंवा डॅशबोर्डखालच्या बटणाला जोडायचा. स्विच मिळेना आणि गाडी तर घरी न्यायची, अशा वेळी ही युक्ती वाजवी आहे. कायमचा इलाज म्हणून ती वाईट. बटण दाबायचे राहिले की हेड गॅस्केट उडते. सतत चालणारी मोटर लवकर झिजते. योग्य जाडीची वायर आणि फ्यूज नसेल तर वायरिंग जळते. तिचीच जुळी बहीण म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट काढून फेकणे. त्याने इंजिन वेळेवर तापत नाही, इंधन जास्त लागते आणि झीज वाढते.

२००० च्या सुमारास भारतात कार्ब्युरेटर जाऊन संगणकाच्या हुकुमाने इंधन फवारणारे एमपीएफआय आले आणि पंख्याचा हुकूम इंजिनाच्या संगणकाकडे गेला. अनेक गाड्यांत तापमापक सेन्सरची वायर तुटली की संगणक सावधगिरी म्हणून पंखा सतत फिरवतो. त्यामुळे थंड गाडीतही न थांबणारा पंखा दिसला तर पहिला संशय सेन्सरवर घ्यावा. मात्र चिकटून बसलेला रिलेही हेच लक्षण दाखवतो. स्कॅनर जोडून आकडा वाचला, सकाळी थंड इंजिनाचा ताप बाहेरच्या हवेइतका दिसला, तर सेन्सर बहुधा खरा बोलतो आहे. मग रिले उपटून पाहावा.

पट्ट्याचा पंखा सर्वस्वी गेला नाही. मोठ्या डिझेल गाड्यांत तो सिलिकॉन तेलाच्या कपलिंगवर अजून फिरतो. विजेच्या पंख्याने तर इंजिनालाही मागे टाकले आहे. द्रवाने बॅटरी निववणाऱ्या विद्युत मोटारींत समोर रेडिएटर आहे, त्यामागे पंखा आहे आणि फास्ट चार्जरला लावलेली गाडी जागच्या जागी उभी असताना तो जोरात फिरू लागतो.