पाने मोजणारे, शब्द तोलणारे : ऑक्सफर्ड कोशाच्या वेगाचा इतिहास

१/ १ मार्च १८७९. लंडनजवळच्या मिल हिल येथील एका शाळामास्तराने ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाशी करार केला. इंग्रजी भाषेचा संपूर्ण ऐतिहासिक शब्दकोश दहा वर्षांत, चार खंडांत आणि सुमारे सात हजार पानांत पूर्ण करावयाचा होता. मास्तरांचे नाव जेम्स मरे. पुढील अर्धशतक या कोशाभोवती एकच वाद घुमत राहिला : कोशकारांचे काम मोजावे तरी कशाने?

२/ कामाची सुरुवात मुळात लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ मध्ये केली होती. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज यांनी चिठ्ठ्या लावण्यासाठी ५४ कप्प्यांचे कपाट करून घेतले होते; तेवढे पुरेल असा त्यांचा अंदाज होता. १८६१ मध्ये अवघ्या तिशीत त्यांचे निधन झाले. त्यानंतर फ्रेडरिक फर्निव्हल यांनी अक्षरे वेगवेगळ्या स्वयंसेवक उपसंपादकांकडे वाटून दिली. परंतु कोणाचे काम कोठवर आले, याची पक्की नोंद राहिली नाही.

३/ त्याचे फळ मरे यांच्या वाट्याला आले. त्यांच्या दारी सुमारे दोन टन चिठ्ठ्या येऊन पडल्या. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, तर दुसरीकडे उंदरीण पिलांसह नांदत होती. ‘एच’ अक्षराचा साठा इटलीत सापडला. ‘पीए’ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या आयर्लंडमधील एका तबेल्यात मिळाल्या, त्यांतील कित्येक चूल पेटवण्यात खर्ची पडल्या होत्या. ज्या कामाची मोजदादच नाही ते काम कसे विरून जाते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

४/ मरे यांनी घराच्या आवारात पन्हळी पत्र्याची खोली उभारली, तिला ‘स्क्रिप्टोरियम’ असे नाव दिले आणि आत १,०२९ कप्पे बसवले. कामाचे टप्पे ठरले. वाचकांनी पाठवलेल्या अवतरणांच्या चिठ्ठ्या प्रथम अकारविल्हे लागत. या कामात मरे यांची मुलेही खाऊच्या पैशांसाठी हात लावीत. मग साहाय्यक अर्थानुसार व कालानुक्रमे त्यांची मांडणी करीत. शेवटी व्याख्या आणि व्युत्पत्ती यांवर मरे यांचा हात फिरे, आणि प्रत छपाईस जाई.

५/ परंतु खरी परीक्षा मुद्रितांवर होई. ती अनेक जाणकारांकडे तपासणीस जात. त्यांपैकी फिट्झएडवर्ड हॉल हे अमेरिकी संस्कृतज्ञ; एके काळी त्यांनी काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापन केले होते. इंग्लंडमधील एका खेड्यात राहून ते वर्षानुवर्षे, एक पैही न घेता, रोज कित्येक तास ही मुद्रिते तपासत. अधिक जुने अवतरण हाती लागले की जुळवलेला मजकूर पुन्हा हलवावा लागे. तपासणी जितकी कसून, तितका छपाईला विलंब. आणि कोशाची विश्वसनीयता तर त्या तपासणीवरच उभी होती.

६/ १८८४ च्या आरंभी पहिला भाग निघाला : ‘ए’ ते ‘अँट’, पाने ३५२. करार होऊन पाच वर्षे लोटली होती आणि वर्णमालेचे पहिले अक्षरही संपले नव्हते. मुद्रणालयाच्या नियामक मंडळाने हिशेब मांडला : असे दोन भाग, म्हणजे ७०४ पाने, दरवर्षी निघालीच पाहिजेत. मरे शाळेची नोकरी सोडून १८८५ मध्ये ऑक्सफर्डला आले. साहाय्यक वाढले, तरी तो आकडा गाठता येईना.

७/ मंडळाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. पैसा मुद्रणालयाचा अडकला होता आणि विक्रीतून तो भरून निघत नव्हता. दुसरीकडे, आरंभीच्या करारानुसार साहाय्यकांचे वेतन मरे यांनाच ठरलेल्या रकमेतून द्यावे लागे. त्यापायी ते कर्जात बुडाले. दिरंगाईचा दंड असा कोशकाराच्या संसारावर पडत होता.

८/ वेगाच्या मापासोबत आकाराचेही माप आले. १८६४ चा वेब्स्टर कोश प्रमाण धरून, त्याच्या एका पानास नव्या कोशाची किती पाने लागतात, हे मोजले जाऊ लागले. करारात धरलेले सहापटीचे प्रमाण पाळता येईना. ते आठपटीच्या आसपास गेले. १८८८ पासून स्वतंत्र संपादक झालेले हेन्री ब्रॅडली यांचे प्रमाण तर याहूनही चढते होते. १८९६ मध्ये मंडळाने कठोर मर्यादा घालण्याचा, प्रसंगी काम थांबवण्याचा विचार चालवला. ही बातमी बाहेर फुटली, वृत्तपत्रांतून टीका झाली आणि मंडळाला माघार घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी कोश व्हिक्टोरिया राणीस अर्पण झाला. त्यानंतर तो बंद करण्याची भाषा कोणी केली नाही.

९/ पानांच्या मापाची मर्यादा एका शब्दाने उघडी पाडली. ‘बाँडमेड’, म्हणजे दासी. या शब्दाच्या चिठ्ठ्या कोठेतरी गहाळ झाल्या आणि १८८७ मध्ये तो भाग त्या शब्दाविनाच प्रसिद्ध झाला. पानांच्या हिशेबात हा भाग निर्दोष होता. चिठ्ठ्या पुढे सापडल्या. शब्दाला मात्र १९३३ च्या पुरवणीपर्यंत वाट पाहावी लागली.

१०/ मग गती आली कशाने? दोन गोष्टींनी. १८९५ पासून जाडजूड भागांची वाट न पाहता ६४ पानांचे लहान विभाग दर तिमाहीस निघू लागले; वाचकाला नियमितता दिसली आणि संपादकाला आवाक्यातले उद्दिष्ट मिळाले. दुसरी गोष्ट स्वतंत्र संपादकगटांची. ब्रॅडलींनंतर १९०१ मध्ये विल्यम क्रेगी आणि १९१४ मध्ये चार्ल्स ओनियन्स संपादक झाले. प्रत्येकाची अक्षरे निराळी आणि साहाय्यकही निराळे.

११/ मरे १९१५ मध्ये वारले. जवळजवळ अर्धा कोश त्यांच्या हातून झाला होता. समाप्ती मात्र त्यांनी पाहिली नाही. १९ एप्रिल १९२८ रोजी शेवटचा भाग प्रसिद्ध झाला. एकूण १५,४९० पाने, ४,१४,८२५ शब्द आणि १८,२७,३०६ अवतरणे.

१२/ आता हिशेब करून पाहावा. १८८४ ते १९२८ या ४४ वर्षांत वर्षाकाठी सरासरी सुमारे साडेतीनशे पाने निघाली. मंडळाने मागितलेल्या वेगाच्या हे निम्मे. तेही पुढे चार संपादक मिळूनसुद्धा. त्या कसोटीवर हा प्रकल्प अखेरपर्यंत नापासच राहिला. पण मोजणी अजिबात नव्हती तेव्हा चिठ्ठ्या चुलीत गेल्या, हेही तितकेच खरे. मंडळाच्या तगाद्यावाचून कोश संपला नसता आणि मरे यांच्या हट्टावाचून तो संपवण्याजोगा राहिला नसता. आज कोणी ‘बाँडमेड’ शोधू लागला, तर त्याला तो शब्द किती पटींच्या प्रमाणात बसवला होता हे ठाऊक नसते. तो सापडतो की नाही, एवढेच तो पाहतो.