मानेतली नळी आणि रोजची गोळी

माझे मामा रिसोड तालुक्यातल्या केनवडचे. एके दिवशी त्यांचा डावा हात तासभर लुळा पडला आणि पुन्हा नीट झाला. शहरात तपासणी झाली. मानेतली उजवीकडची धमनी आतून फारच अरुंद झालेली निघाली, म्हणून शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे दोन महिन्यांतच गोळ्यांची पुडी कोनाड्यात जाऊन पडली. "नयी साफ केली ना डाक्तरनं? मंग आता गोयी कायले?" असा मामांचा सवाल. त्यांच्या शेजाऱ्याचा रोग तोच, पण शस्त्रक्रिया नको असे ठरलेले. तो गडी मात्र भीतीपोटी रोज नेमाने गोळी घेई!

मामांचे चुकते कुठे, ते या शस्त्रक्रियेचा इतिहासच सांगतो. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या जातात. त्यांत चरबीचा थर साचतो, त्यावर गुठळी धरते आणि तिचा कण सुटून मेंदूत अडकला की पक्षाघात होतो. ७ ऑगस्ट १९५३ रोजी अमेरिकेत ह्यूस्टन येथे डॉ. मायकेल डेबेकी यांनी एका बसचालकाची अशी धमनी उघडून साफ केली. पुढच्या मे महिन्यात लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ईस्टकॉट, पिकरिंग व रॉब यांनी एका बाईवर शस्त्रक्रिया केली. तिला तेहतीस झटके येऊन गेले होते. तिचे शरीर बर्फाने गार करून धमनीचा रोगट तुकडा कापला नि टोके जोडली. त्यांनी हकीकत त्याच वर्षी छापली. डेबेकींनी आपली छापली १९७५ साली, म्हणून पहिलेपणाचा मान बराच काळ लंडनकडे राहिला.

तो बसचालक पुढे एकोणीस वर्षे जगला. पक्षाघात पुन्हा झाला नाही. मृत्यू आला तो हृदयाची धमनी बंद पडून. पाटात एके जागी गाळ उपसला, तरी वरून गढूळ पाणी यायचे थोडेच थांबते?

१९९१ साली अमेरिका-कॅनडातील मोठ्या प्रयोगाचा निकाल लागला. झटका येऊन गेलेले आणि धमनी सत्तर टक्क्यांहून अधिक बुजलेले रुग्ण त्यात होते. दोन वर्षांत नुसत्या औषधांवरच्या शंभरांपैकी २६ जणांना त्याच बाजूचा पक्षाघात झाला, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९ जणांना. वरवर पाहता औषध हरले. परंतु शस्त्रक्रिया झालेल्यांनाही ॲस्पिरिनसारखी औषधे चालूच होती! सामना औषध आणि सुरी यांच्यात नव्हताच. एकीकडे औषध, दुसरीकडे औषध आणि सुरी दोन्ही, असा तो होता.

बसचालकाची गोष्ट मी मामांना सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग मामींना हाक मारून पुडी खाली काढवली. निम्म्या गोळ्यांची मुदत संपलेली. दुसऱ्या दिवशी नवी चिठ्ठी आणायला ते स्वतःच डॉक्टरांकडे निघाले.