स्त्रियांचा विज्ञान-तंत्रज्ञानातील सहभाग (भारत)

विज्ञान-तंत्रज्ञानाचे शिक्षण, संशोधन, उद्योग आणि संस्थांचे नेतृत्व या चारही पातळ्यांवर स्त्रियांची संख्या वाढावी म्हणून भारतात झालेले प्रयत्न आणि त्यांमागची परिस्थिती हा या नोंदीचा विषय आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२०-२१च्या अहवालानुसार विज्ञानशाखेत शिकणाऱ्या सुमारे ५५.५ लाख विद्यार्थ्यांपैकी २९.५ लाख मुली होत्या. संशोधन आणि विकासाच्या कामात प्रत्यक्ष असलेल्या मनुष्यबळात मात्र स्त्रियांचा वाटा, केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आकडेवारीनुसार, २०१८मध्ये १६.६ टक्के होता. वर्गात निम्म्याहून जास्त आणि प्रयोगशाळेत सहाजणांत एक, असे हे चित्र आहे. मुलींना विज्ञानाची गोडी लावणे जितके गरजेचे, त्याहून अधिक गरजेचे आहे ते पदवीपासून पदापर्यंतच्या वाटेवर त्यांना टिकवणे. अभियांत्रिकीत तर प्रवेशाच्या दारातच तूट दिसते: पदवी अभ्यासक्रमांतील मुलींचे प्रमाण एक तृतीयांशाहून कमी आहे.

आरंभीचे प्रवेश

आधुनिक विज्ञानशिक्षणात भारतीय स्त्रिया प्रथम आल्या त्या वैद्यकाच्या मार्गाने. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. त्याच वर्षी कादंबिनी गांगुली कलकत्त्यात डॉक्टर झाल्या. स्त्रीरुग्णांना स्त्रीडॉक्टर हवी, ही गरज समाजाला पटण्याजोगी होती. रसायन, भौतिकी किंवा यंत्रे यांच्या बाबतीत असे कोणतेही सामाजिक कारण पुढे करता येत नव्हते. तिथे केवळ जिज्ञासेच्या बळावर जागा मागावी लागली.

कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत, १९११–१९९८) यांचे उदाहरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यांचे वडील आणि काका बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊन १९३३मध्ये त्यांनी भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. मुलगी असल्याच्या कारणावरून तो नाकारण्यात आला. संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे त्यांनी दाद मागितली आणि हट्ट सोडला नाही. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचे होते आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये, असेही बजावण्यात आले होते. मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध, कडधान्ये आणि शेंगा यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी बटाट्यावरील संशोधनातून ‘सायटोक्रोम सी’ हे श्वसनक्रियेतील द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असल्याचे दाखवले आणि १९३९मध्ये पीएच.डी. मिळवली. विज्ञान विषयात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी होत. मायदेशी परतल्यावर दिल्ली आणि कुन्नूर येथे काम करून त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या अध्यापिका झाल्या. नीरेच्या पोषणमूल्यावरील त्यांच्या संशोधनाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. बंगळूरची ती वर्षभराची परीक्षा त्या विसरल्या नाहीत. स्त्री म्हणून झालेला तो अपमान होता, असे त्यांनी उतारवयात जाहीरपणे सांगितले.

रामन यांच्याच प्रयोगशाळेत १९४०मध्ये ॲना मणी (१९१८–२००१) दाखल झाल्या. हिरा आणि माणिक यांच्या वर्णपटांवर त्यांनी शोधनिबंध लिहिले, प्रबंधही सादर केला, परंतु एम.एस्‌सी. पदवी नाही, या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. १९४८मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. वारा, ऊन, पाऊस मोजणारी सुमारे शंभर उपकरणे देशातच तयार व्हावीत म्हणून त्यांच्या रचनेचे प्रमाणित आराखडे त्यांनी बनवले. सौरऊर्जा आणि पवनऊर्जा यांच्या भारतातील मोजमापाचा पाया त्यांच्या कामात आहे.

अभियांत्रिकीत स्त्रियांची सुरुवात मद्रासजवळच्या गिंडी महाविद्यालयात झाली. ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झाल्या तेव्हा त्यांच्या पदरी तान्ही मुलगी होती. वडील त्याच महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक. त्यांनी मुलीला शिकवायचे ठरवले आणि प्राचार्य के. सी. चाको यांनी प्रवेशाला संमती दिली. पदवीपत्राच्या छापील नमुन्यात विद्यार्थ्याचा उल्लेख पुल्लिंगी होता. ललितांच्या पदवीपत्रावर तो हाताने खोडून स्त्रीलिंगी करावा लागला. भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या वीजवाहिन्यांच्या आराखड्यांवर पुढे त्यांनी काम केले.

गळतीची कारणे

शिकलेल्या स्त्रिया संशोधनातून बाहेर का पडतात, याचे उत्तर बराच काळ ‘लग्न आणि मुले’ असे दिले जाई. भारतीय विज्ञान अकादमी आणि बंगळूरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था यांनी मिळून २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीने या समजुतीला धक्का दिला. पीएच.डी. झालेल्या ५६८ स्त्री-पुरुषांशी संपर्क साधून अनिता कुरूप, रोहिणी गोडबोले आणि सहकाऱ्यांनी ती केली. संशोधन सोडलेल्या स्त्रियांनी घरच्या कारणांपेक्षा योग्य जागा न मिळणे, संस्थेकडून आधार नसणे, वेळेच्या बाबतीत लवचीकता नसणे ही कारणे ठळकपणे सांगितली. घर हे कारण पुरुषांच्याच उत्तरांत अधिक होते.

त्याचा उलगडा संशोधनाच्या वेळापत्रकात होतो. पीएच.डी. पूर्ण होते ती साधारण तिशीच्या आसपास. त्यानंतर काही वर्षे तात्पुरत्या शिष्यवृत्त्या, मग कायम पदासाठी अर्ज. नेमकी हीच वर्षे बाळंतपणाची. त्यातच वयाची अट, पतीच्या बदलीमुळे सुटलेले गाव आणि त्याच शहरात दुसरी संस्था नसणे, यांची भर पडते. एकदा दोन-तीन वर्षांचा खंड पडला की शोधनिबंधांची यादी थांबते आणि निवड समितीपुढे तीच यादी मोजली जाते.

खंडानंतरही काम होऊ शकते, याचे मराठी वाचकांच्या ओळखीचे उदाहरण मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांचे आहे. १९६४मध्ये गणितात एम.ए.ला पहिल्या आलेल्या मंगलाताईंनी लग्नानंतर अनेक वर्षांनी, १९८१मध्ये, मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. संसार आणि मुली सांभाळत त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संख्यांच्या सिद्धान्ताच्या अभ्यासाला पुन्हा हात घातला होता. पुढे ‘बालभारती’च्या गणित पाठ्यपुस्तकांच्या कामात त्यांचा मोठा वाटा राहिला.

कायदा आणि कामाची जागा

काही दारे कायद्यानेच बंद होती. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या ६६व्या कलमानुसार संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळात स्त्रियांना कारखान्यात काम देता येत नसे. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला की पाळीने चालणाऱ्या कारखान्यांना स्त्री अभियंता नेमणे अडचणीचे वाटे. पुढे अनेक राज्यांनी सुरक्षित वाहतुकीसारख्या अटी घालून हे बंधन सैल केले. जमिनीखालच्या खाणकामाचे दार १९५२च्या खाण अधिनियमाने बंद ठेवले होते. तांत्रिक आणि पर्यवेक्षकीय कामांसाठी ते २०१९मध्ये उघडले.

पुण्याच्या टेल्को कारखान्याची १९७४ची जाहिरात या बाबतीत नेहमी सांगितली जाते. तीत स्त्रियांनी अर्ज करू नये, असे स्पष्ट लिहिले होते. तेव्हा बंगळूरला शिकत असलेल्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून हरकत घेतली. त्यांना मुलाखतीला बोलावण्यात आले आणि त्या तेथील पहिल्या स्त्री अभियंता झाल्या.

अलीकडच्या तरतुदींनी संशोधिकांना थोडा श्वास दिला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या नियमांनुसार पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला एकूण २४० दिवसांची प्रसूती व बालसंगोपन रजा आणि प्रबंधासाठी दोन वर्षांची जादा मुदत मिळू लागली. लग्नामुळे गाव बदलावे लागले तर संशोधनाचे काम दुसऱ्या विद्यापीठात नेता येऊ लागले. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक ठरली.

शासकीय योजना

खंड पडलेल्या स्त्रियांना परत आणणारी पहिली मोठी योजना विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३मध्ये सुरू केली. ‘महिला वैज्ञानिक योजना’ असे तिचे नाव. तिचे तीन भाग होते: मूलभूत व उपयोजित संशोधन, समाजोपयोगी तंत्रज्ञान आणि बौद्धिक संपदा. तिसऱ्या भागात विज्ञान शिकलेल्या स्त्रियांना पेटंट कायद्याचे प्रशिक्षण मिळे. हे काम घरूनही करता येण्याजोगे असल्याने अनेकजणी पेटंट एजंटची परीक्षा देऊन स्वतंत्र व्यवसाय करू लागल्या. २०१४मध्ये स्त्रियांसाठीच्या योजना ‘किरण’ या छत्राखाली आल्या. महिला विद्यापीठांच्या प्रयोगशाळा सुधारण्यासाठी ‘क्युरी’, नववी ते बारावीच्या मुलींसाठी ‘विज्ञान ज्योती’ असे उपक्रम त्यांच्या जोडीला आहेत. विज्ञान ज्योतीत नवोदय विद्यालयांच्या मदतीने जिल्ह्यातल्या मुलींना प्रयोगशाळा दाखवल्या जातात, शास्त्रज्ञ स्त्रियांशी त्यांची गाठ घालून दिली जाते.

२०२०च्या राष्ट्रीय विज्ञान दिनाचा विषयच ‘विज्ञानातील स्त्रिया’ होता. त्या वर्षी आलेल्या ‘गती’ उपक्रमाचा रोख स्त्रियांऐवजी संस्थांवर आहे. ब्रिटनमधील ‘अथीना स्वॉन’ या सनदेच्या धर्तीवर निवडक तीस संस्थांनी भरती, बढती, समित्या आणि रजा यांची स्वतःच तपासणी करावी, अशी त्याची रचना होती.

आयआयटींमध्ये २०१६ साली मुली जेमतेम आठ टक्के होत्या. २०१८पासून त्यांच्यासाठी वाढीव जागा निर्माण करण्यात आल्या. मुलांच्या जागा कमी न करता आणि प्रवेश परीक्षेची पात्रता कायम ठेवून दिलेल्या या जागांमुळे २०२०पर्यंत मुलींचे प्रमाण वीस टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले.

महाराष्ट्र आणि गोवा

पुण्याची हुजूरपागा ही १८८४मध्ये सुरू झालेली मुलींची शाळा या इतिहासात दोनदा भेटते. कर्करोग संशोधिका कमल रणदिवे (१९१७–२००१) आणि कण-भौतिकीच्या संशोधिका रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) या दोघी तिथल्याच. रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. १९७३मध्ये त्यांच्या पुढाकाराने भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली. या संघटनेने वाशीला आपले केंद्र उभारले, तेव्हा व्याख्यानांच्या सभागृहासोबत नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह आणि पाळणाघरही चालवायला घेतले. प्रयोगशाळेत टिकायला काय लागते, याची जाण त्यामागे होती.

गोडबोले यांनी राम रामस्वामी यांच्यासह ‘लीलावतीज डॉटर्स’ हा सुमारे शंभर भारतीय शास्त्रज्ञ स्त्रियांचा परिचय देणारा ग्रंथ २००८मध्ये संपादित केला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वरून त्याला नाव मिळाले. मुलींना आपल्यासारखीच कोणी तरी पुढे गेलेली दिसावी, हा त्याचा उद्देश.

महर्षी कर्वे यांच्या स्त्री शिक्षण संस्थेने १९९१मध्ये पुण्यात मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. वसतिगृह आणि मुलींचेच महाविद्यालय यांमुळे लहान गावांतील पालक मुलीला अभियांत्रिकीला पाठवायला तयार होतात. राज्य शासनाने २०२४-२५पासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या, ठरावीक प्रवर्गांतील कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले.

गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत १९८३-८४च्या तिसऱ्या मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या. भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह त्या तिथे पोहोचलेल्या पहिल्या भारतीय स्त्री शास्त्रज्ञ होत.

नेतृत्व

वरच्या पदांवर बदल उशिरा दिसू लागला. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी १९३५ची. तिला पहिल्या स्त्री अध्यक्षा, चंद्रिमा शहा, २०२०मध्ये मिळाल्या. १९४२मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या महासंचालकपदी ऑगस्ट २०२२मध्ये एन. कलैसेल्वी आल्या. ‘अग्नी-४’ क्षेपणास्त्राच्या प्रकल्पाचे नेतृत्व टेसी थॉमस यांनी केले. ‘चांद्रयान-२’च्या प्रकल्प संचालक मुथय्या वनिता आणि मोहीम संचालक रितू करिधाल होत्या. २ सप्टेंबर २०२३ रोजी सूर्याच्या अभ्यासासाठी निघालेल्या ‘आदित्य-एल१’च्या प्रकल्प संचालक निगार शाजी तमिळनाडूतील सेंगोट्टई या छोट्या गावच्या शाळेत शिकल्या होत्या.